लुगड्याचा पट्टा

"कुणाची पात मागं ऱ्हायली गं?"

आक्का कारखान्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकायच्या ते हे विचारतच. वहाणा दाराबाहेर, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला पांढरं फडकं, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून असा काही आवाज काढायच्या, की नव्या माणसाला वाटावं बाहेर फटाका फुटला. त्या हातांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली. तुमच्या टाळीला आपला भोंगासुद्धा दचकतो, असं मी म्हणायचो, आणि ते त्यांना भारी आवडायचं. दिवसातून दोनदा तरी माझ्याकडून वदवून घ्यायच्या.

तुम्ही शेतात भांगलायला बसलेल्या बायका बघितल्या असतील. एका रांगेत बसायचं, प्रत्येकीनं आपल्या वाट्याची पट्टी धरायची आणि खुरप्यानं तण काढत पुढं सरकायचं. त्या पट्टीला पात म्हणतात. आमच्याकडे, सातारा काय आणि सांगली काय, रीत अशी की एखादीची पात मागं राहिली तर शेजारची आपली पात सोडून तिच्या मदतीला जाते. सगळ्या मिळून बांधाला पोचायचं. जी एकटीच पुढं पळते तिला बाकीच्या नावं ठेवतात. आक्कांचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू मुलूख. लहानपणापासून दुसऱ्याच्या रानात भांगलत त्या मोठ्या झाल्या होत्या, त्यामुळे ही रीत त्यांच्या अंगातच होती.

आता तुम्ही म्हणाल, भांगलण कुठं आणि कारखाना कुठं! अहो, तीच तर गंमत आहे.

आमचा कारखाना जामचा. साताऱ्याहून कराडला जाताना हमरस्त्याच्या डाव्या हाताला, पत्र्याचं छप्पर आणि एक उंच धुराडं. मालक सांगलीचे. मी साताऱ्यात आयटीआय करून तिथं फिटर म्हणून लागलो. सगळ्या हॉलमध्ये बायका आणि पुरुष मी एकटा. माझं लग्न कधी, मुलगी कशी हवी, मला भाकरी थापता येते का, या विषयांवर माझ्यादेखत चर्चा चालायची आणि माझं मत कुणी विचारायचं नाही. त्या सगळ्याच्या म्होरक्या अर्थातच आक्का. मला त्या "मिस्त्री" म्हणायच्या. "आरं मिस्त्री, एवढा लाजतोस तर मशिनीला तरी हात कसा लावतोस रं?" हे ऐकलं की अख्खा हॉल खिदळायचा आणि मी पाना घेऊन मशिनच्या मागं दडायचो.

तोवर सगळं काम मेजांवर चालायचं. फळं चिरायची, शिजवायची, डबे पळीनं भरायचे, सगळं हातानं. वेग जेमतेम होता, पण हसणं-खिदळणं चालू असायचं. आमचे डबे मिलिटरीला जायचे, आणि बहुतेकींचे नवरे, दीर, भाऊ मिलिटरीतच. आक्कांचा थोरला मुलगाही वर बर्फात कुठंतरी होता. एखादा डबा बंद झाला की त्या त्याच्यावर चापट मारून म्हणायच्या, "जा रं बाबा, माझ्या लेकाकडंच जा. आन त्याला सांग, आईनं बोट घालून चाखलाय म्हणावं." चाखायला बंदी होती. पण त्या सांगायच्याच तसं.

मग मागणी वाढली आणि मालकांनी पट्टा आणला.

पट्टा म्हणजे हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी रबराची लांब वाट. पहिली बाई त्यावर धुतलेला रिकामा डबा ठेवणार. दुसरी नळाखाली तो जामनं भरणार. तिसरी काठावर सांडलेला जाम फडक्यानं पुसणार. चौथी झाकण ठेवून डबा मशिनखाली सरकवणार, मशिन झाकण आवळणार. पुढच्या बायका तो उचलून गरम पाण्याच्या हौदात सोडणार. पट्ट्याबरोबर आले इंजिनियरसाहेब, सांगलीचेच, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ. त्या घड्याळाचं बटण दाबून ते प्रत्येकीच्या हाताकडे बघत उभे राहायचे. आक्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आवं सायेब, आमी कामं करतोय का पळतोय?" साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण हसायला त्याला वेळ लागायचा.

काठ पुसायच्या जागेवर हौसा होती. हौसा म्हणजे आमच्या हॉलमधली सगळ्यांत हळू बाई आणि सगळ्यांत स्वच्छ. प्रत्येक काठ एकदा पुसायची, वाकून बघायची, पुन्हा पुसायची. काठाला जाम राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि डबा आतून फुगतो, हे तिला एकदा कुणी सांगितलं, ते तिनं मनावरच घेतलं. बोलायची मात्र नाही. सासरी आवाज चढवायची सवय नसलेली बाई, भूक लागली तरी सांगायची नाही. आणि तिच्या पुढच्या जागेवर, झाकणाच्या मशिनवर, शालन. शालन म्हणजे वीज. मशिनला नजर लागेल इतकी चलाख.

पेरूचा हंगाम होता. पट्टा पहिल्यांदा चालू होणार म्हणून खुद्द मालक सांगलीहून आलेले. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, मी खटका दाबला आणि पट्टा निघाला. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला! डबे रांगेनं चालले, भरले, पुसले, झाकले. मालकांच्या चेहऱ्यावर हसू. आक्कांनी दणकून टाळी वाजवली.

तेवढ्यात हौसा मागं पडली. एक डबा न पुसता गेला, मग दुसरा. तिचं तोंड रडवेलं झालं. शालननं ते बघितलं. झालं! शालन मशिन सोडून हौसाजवळ जाऊन काठ पुसायला लागली. भरणारीनं बघितलं, ती नळ तसाच ठेवून आली. डबे ठेवणारी आली. हौदावरच्या आल्या. हौसाची पात मागं राहिली होती ना! दहा हात एका डब्यावर. आणि पट्टा? तो आपला फिरतोच आहे. उघडे डबे मशिनपाशी जाऊन एकमेकांवर चढले, मग धबाधबा खाली. नळातून जाम पट्ट्यावर, पट्ट्यावरून फरशीवर. मी खटका बंद करायला धावलो तो जामवरून असा घसरलो, की थेट मालकांच्या पायाशी. दर्शन घेतल्यासारखा.

आक्का ओरडत होत्या, "अगं जागंवर जावा! जागंवर!" पण ऐकतंय कोण. त्यांनीच शिकवलेलं सगळ्या करत होत्या.

साहेब पांढरेफटक पडले. नंतर ऑफिसात त्यांनी मालकांना सांगितलं, मी दारात उभा होतो, "या बायका वाईट नाहीत. पण त्यांना एका जागी राहून काम करायची सवय नाही. पट्ट्यावर पुण्याची माणसं आणू. ती तयार असतात. यांना फळं चिरायला ठेवू." फळं चिरायला म्हणजे हंगामापुरतं. हंगाम संपला की घरी. आणि घरी म्हणजे परत दुसऱ्याच्या बांधावर. आक्का मागं कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलंच नाही.

"सायेब," त्या आत शिरल्या, "चूक झाली. ती माझी. पर ह्या बायकांना भाईर काढू नका. आंब्याचा हंगाम येऊ द्या. तवर मला द्या. आंब्याला माझ्या बायकांनी पट्टा चालवून दावला न्हाई, तर पैली मी घरी जाते. तुमी पुण्याची आणा, मुंबयची आणा, मी तोंड उघडणार न्हाई."

मालकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे. आणि का कोण जाणे, साहेबच "ठीक आहे" म्हणाले.

हॉलमध्ये परत येताना मी म्हणालो, "आवं आक्का, हे काय बोलून बसलात? पट्टा तर साहेब आंब्यापर्यंत चालू करू देणार नाहीत. शिकवणार कशावर?"

"तू गप रं मिस्त्री. पट्टा काय रबराचाच असतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पिशवीतून एक नऊवारी लुगडं काढलं. जुनं, हिरवं, काठ विटलेला. ते लांबलचक मेजांवर पसरलं. एका टोकाला एक धिप्पाड बाई उभी केली आणि तिला सांगितलं, वढायला लाग. दुसरीनं लुगडं मागून सोडत राहायचं. लुगड्यावर रिकामे डबे, जामच्या जागी पाणी. चालला की हो पट्टा! संपलं लुगडं की पुन्हा उलटं न्यायचं आणि पुन्हा सुरू. मला हसून हसून उभं राहवेना. ओढणारी बाई मध्येच शिंकली की पट्टा असा हिसका खायचा, की पाणी सगळ्यांच्या अंगावर. "आगं, सायबाची मशिन शिंकती का?" आक्का ओरडायच्या, आणि सगळ्यांची मुरकुंडी वळायची.

पण त्या हसण्यात काय चाललं होतं, ते हळूहळू मला दिसायला लागलं. आक्कांनी खडू घेऊन प्रत्येकीच्या पायाभोवती रिंगण काढलं. "ह्यातनं पाऊल भाईर पडलं की तू बाद. आट्यापाट्या खेळलीस न्हवं? तसंच." मदत करायची, जरूर करायची, पण हातानं, पायानं नाही. हात पोचेल तेवढी शेजारीण आपली. आणि शेजारणीला मदत करायची तर तिचं काम यायला नको का? म्हणून मग अदलाबदल. आज भरणारी उद्या पुसणार, पुसणारी झाकण ठेवणार. शालनला त्यांनी आठवडाभर डबे ठेवायला लावले. ती चिडली, तर म्हणाल्या, "तुला यकच काम येतंय, त्याचा लय तोरा हाय व्हय? शेजारणीचं बी आलं म्हंजी खरी."

मशिन शिकवायचं काम माझ्याकडे होतं. तेल कुठं घालायचं, झाकण अडकलं तर कुठला दांडा दाबायचा, बोट कुठं म्हणून न्यायचं नाही. सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. मग शालननं एकदा विचारलं, "मिस्त्रीभाऊ, हे चाक असं का फिरतंय?" आणि मी सांगायला लागलो ते पार सुट्टी संपेपर्यंत. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो. शिकवणं इतकं चढतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं!

एकच घोडं अडलं होतं. हौसा.

रानात कसं असतं, मागं पडलेली शेजारणीला दिसते. पट्ट्यावर प्रत्येकीची नजर आपल्या डब्यावर. म्हणून आक्कांनी नियम केला, मागं पडली की हाक मारायची. शेजारणीचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "हात!" बास, एवढंच. बाकी सगळ्यांना जमलं. काहीजणी तर गरज नसताना ओरडायच्या, मजा म्हणून. पण हौसाच्या तोंडून आवाजच फुटेना. मागं पडली की खाली मान घालून डबल जोरानं पुसायची आणि आणखी मागं पडायची.

"आगं, हाक मार की!"

"न्हाई मारवत, आक्का."

"का न्हाई मारवत?"

"मीच मागं पडलीया, आन मीच वरडू?" असं म्हणून ती रडायला लागली. एरवी सगळ्यांची टिंगल करणाऱ्या आक्का तिच्याजवळ बसल्या. तिचे हात आपल्या हातात घेतले. "हौसा, मागं पडनं ही काय चोरी हाय व्हय? मी रोज पडते. डोळं अधू झाल्यात, सुईत दोरा जात न्हाई, तर सूनंला हाक मारते का न्हाई? लाज धरून गप बसलीस तर सगळ्या जनींचं डबं सांडत्याल. तू वरडलीस तर त्यांच्यावर उपकार करतीयास." हौसानं मान डोलावली. पण आवाज काही फुटला नाही. लुगड्याचा पट्टा चालू राहिला, आंब्याला मोहोर येऊन कैऱ्या धरल्या, तरी नाही.

मी आक्कांना म्हणालो, "हौसाला दुसऱ्या जागी घाला. पुसायला दुसरी कुणी ठेवा."

त्या माझ्यावर अशा उसळल्या! "तिच्यावानी काठ कोन पुसतंय सांग. तू पुसतोस? तिचा डबा कवा फुगलाय? आरं, येग काय, कुनाला बी येतोय. तिला काडून जिकले तर काय जिकले मी?" मी पाना उचलला आणि मशिनमागं गेलो. माझी ती ठरलेली जागाच होती.

आंबे आले. टेम्पोच्या टेम्पो. अख्ख्या कारखान्याला घमघमाट. परीक्षेचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी इंजिनियरसाहेबांनी एक नवीनच गोष्ट काढली.

"आक्का, उद्या तुम्ही हॉलमध्ये यायचं नाही."

आक्कांनी डोळे मोठे केले. "म्हंजी?"

"तुम्ही असलात तर पट्टा चालेल, हे मला दिसतंय. मी रोज बघतोय तुमची लुगड्याची शाळा. पण तुम्ही उद्या आजारी पडलात तर? यांना काम येतं, की नुसता तुमचा आवाज येतो, हे मला कळायला हवं. मालकांना मी काय सांगू?"

आक्का बाहेर पडल्या. गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत त्यांनी साहेबाला, साहेबाच्या घड्याळाला आणि ते घड्याळ बनवणाऱ्याला भरपूर शिव्या घातल्या. गेटपाशी मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "मेला बोलला मात्र बरुबर, मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, आणि हॉलच्या खिडकीबाहेर जे कडुनिंबाचं झाड होतं, त्याखालच्या दगडावर बसल्या. साहेबांनी बघितलं आणि खिडकीतून सांगितलं, "आक्का, पाठ करून बसा." बायकांना खुणा करू नयेत म्हणून. आक्कांनी निमूट पाठ केली. मलाही हुकूम होता, खटका दाबायचा आणि स्टुलावर बसायचं, हाक मारल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही. माझं स्टूल खिडकीजवळच. एका डोळ्यानं मला पट्टा दिसत होता आणि दुसऱ्यानं आक्कांची पाठ.

पट्टा निघाला.

अहो, काय तो पट्टा! रबराचा पट्टा लुगड्यापेक्षा सरळ चालतो, याचंच बायकांना अप्रूप. डबा ठेवला, भरला, पुसला, झाकला, खट्! हौदात. ठेवला, भरला, पुसला, झाकला, खट्! एकदा झाकण अडकलं. मी अर्धा उठलो होतो. शालननं दांडा दाबला, झाकण काढलं, दुसरं ठेवलं, खट्! मी परत बसलो. काय सांगू, स्टुलावर बसून राहणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम होतं. आणि बाहेर आक्कांची पाठ! मशिन खट् करत होतं आणि त्यांचे खांदे त्याबरोबर हलत होते. भरायचे, पुसायचे, सरकवायचे. बसल्या जागी सगळ्या हॉलचं काम त्या एकट्या करत होत्या.

मालक आले, बघत उभे राहिले. साहेब घड्याळ हातात घेऊन इकडून तिकडे. बायका घामानं निथळत होत्या, पण डोळे असे चमकत होते, की मला वाटलं आता या नाचायला लागतील.

आणि मग शिजवायच्या कढईतून नवा जाम आला तो पातळ. नळाखाली डबा धरला की जाम उसळून काठावर, बाहेर, सगळीकडे. एकेका काठाला दुप्पट, तिप्पट पुसणं. हौसाचे हात भराभर चालायला लागले. पुसते, वाकून बघते, पुसते. पुढचा डबा आला. त्याच्या पुढचा आला. तिची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान मला माहीत होती!

शालनची नजर झाकणावर, भरणारीची उसळत्या नळावर. कुणाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं आणि मला बोलायला बंदी. बाहेर बघितलं, तर आक्कांचे खांदे थांबले होते. मशिनचा आवाज बदलला होता ना. खट् आणि खट् यांमध्ये पोकळी पडायला लागली होती. त्यांची मूठ गुडघ्यावर आवळलेली. उठून खिडकीशी यायला किती वेळ लागला असता? एक टाळी, एक हाक, बास झालं असतं. त्या उठल्या नाहीत. पाठही वळवली नाही.

एक डबा न पुसता हौसाच्या हाताखालून पुढं सरकला. तिनं मान वर केली. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"शालन! हाऽऽत!"

अहो, तो आवाज! इतकी वर्षं साठवलेला सगळा आवाज तिनं एका दमात बाहेर काढला. साहेबांच्या हातातलं घड्याळ सुटलं, दोरी होती म्हणून गळ्याशी लोंबत राहिलं. शालनचा डावा हात फडक्यासकट हौसाच्या डब्यावर आला, उजवा मशिनवरच. तेवढ्यात हौसा दुसऱ्या बाजूला ओरडली, आता थांबतेय कशाला ती! भरणारीचा हात काठाला लागला, डबे ठेवणारीचा हात नळाला लागला. हाताला हात लागत गेला आणि पाय? मी खाली वाकून बघितलं. एकही पाय हललेला नव्हता. डबे पुन्हा रांगेला लागले. खट्! खट्! खट्!

बाहेर आक्का उभ्या राहिल्या होत्या. अजून आमच्याकडे पाठच. निंबाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी धरून विचारत होत्या, "कोन वरडली गं? हौसा का? हौसाच का गं?" आणि झाड काही उत्तर देत नव्हतं. मी बंदी-बिंदी विसरून खिडकीतून ओरडलो, "हौसाच! आक्का, हौसाच!" त्यांनी मांडीवर अशी थाप मारली, की झाडावरचे कावळे उडाले.

शिफ्ट संपायचा भोंगा झाला, तेव्हा साहेब स्वतः खिडकीशी गेले. "आक्का, आता वळा. या आत." आणि हसले. खरंच सांगतो, पहिल्यांदा हसले. मालकांनी तिथंच जाहीर केलं, पुण्याची माणसं नकोत, पट्टा याच चालवतील, बारा महिने. हॉलमध्ये जो कल्ला झाला, तो हमरस्त्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांनीसुद्धा बघायला यावं असा. हौसाला सगळ्यांनी उचललं. घसा बसल्यामुळे तिला "सोडा" असंही म्हणता येईना.

त्या वर्षी पट्टा पुढं कधी कामाविना थांबला नाही. आंब्यानंतर अननस, मग टोमॅटो. आक्कांची टाळी चालूच होती, पण आता ती जरा कमी लागायची. एक दिवस त्या माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, आज दुपारपासनं मला कुनी काय विचारलंच न्हाई रं." मला कळेना, ही तक्रार होती की आनंद. त्यांनाही कळत नसावं.

मग मालकांनी मिरजेकडे दुसरा कारखाना काढला. तिथं बायका नवीन, पट्टा नवीन. साहेबांनीच नाव सुचवलं. त्यांनी आक्कांना विचारलं, याल का शिकवायला? आक्कांनी एक रात्र विचार केला आणि दुसऱ्या दिवशी ते हिरवं लुगडं धुऊन वाळत घातलं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कुणालाच नीट निरोप दिला नाही. "उद्या येते की भेटाया, गाडी धाची हाय," म्हणाल्या. सकाळी त्या आल्या तर पट्टा जोरात चालू. मिलिटरीची ऑर्डर, टोमॅटोचे ढीग. आत जाऊन टाळी वाजवतील म्हणून मी दार उघडलं. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, पट्टा बघितला आणि मागं फिरल्या. मी त्यांची ट्रंक उचलली. आम्ही दोघं हमरस्त्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलो. पत्र्याच्या छपराखालून आवाज येत होता, खट्, खट्, खट्.

"आक्का, थांबा, मी सांगतो त्यांना. एका मिनिटात सगळ्या गेटवर येतील."

त्यांनी माझं मनगट धरलं. खडी फोडलेला हात तो, मला सोडवता आलं नसतं. "खबरदार! पट्टा चालू हाय." त्यांनी मान वाकडी करून पुन्हा कान दिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडभर हसत होत्या. "त्यास्नी ठावं हाय मी चाललीया. दारात बघितलं त्यांनी मला. आन तरी बघ की रं मिस्त्री, यक बी भाईर आली न्हाई!"

एसटी आली. मी ट्रंक वर चढवली. कंडक्टरनं घंटा मारली आणि गाडी कराडच्या दिशेनं गेली.

त्यानंतर मला त्या भेटल्या नाहीत. मिरजेच्या बायका पट्टा कसा छान चालवतात, ते साहेब सांगायचे. आता साहेबही नाहीत, कारखानाही नाही. त्या दिवशी मात्र मी धावतच हॉलमध्ये परत आलो होतो. पट्टा चालूच होता. सगळ्याजणी रडत होत्या, अगदी हमसून हमसून, आणि एकीचाही हात थांबला नव्हता. हौसानं डोळे दंडाला पुसले आणि डब्याचा काठ फडक्यानं.